नोंदणी क्रमांकामागचा कायदा

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नाव, पदव्या आणि दवाखान्याच्या वेळा यांच्या जोडीला, बहुधा सर्वांत बारीक अक्षरांत, एक क्रमांक छापलेला असतो. रुग्णाची नजर पदव्यांवर जाते, क्रमांकावर क्वचितच. वस्तुतः रुग्णाच्या दृष्टीने या दोहोंत महत्त्वाचा आहे तो क्रमांकच. पदवी विद्यापीठ देते आणि एकदा दिलेली पदवी सहसा परत घेतली जात नाही. क्रमांक मात्र वैद्यकीय परिषद देते आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास तो काढूनही घेते. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते, भौतिकोपचारतज्ज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ अशा आरोग्यसेवेतील सर्व व्यवसायांच्या नियमनाचा पाया ही एकच साधी गोष्ट आहे : एक नोंदवही, त्यात नाव घालण्याच्या अटी आणि त्यातून नाव वगळण्याचा अधिकार.

ही नोंदवही कोणासाठी आहे, हा प्रश्न मात्र सुरुवातीपासून वादाचा राहिला आहे. ती व्यवसायाची प्रतिष्ठा राखण्यासाठी की रुग्णाच्या संरक्षणासाठी? भारतातील या कायद्यांचा गेल्या शंभराहून अधिक वर्षांचा प्रवास पाहिला, तर पहिल्या हेतूकडून दुसऱ्याकडे जाण्याची वाट किती रेंगाळत काटली गेली, हे ध्यानात येते. रुग्णाच्या खाटेजवळ जे सर्वाधिक वेळ असतात, त्यांची नावे नोंदवहीत सर्वांत उशिरा आली, काहींची तर अद्याप आलेलीच नाहीत, हेही त्यातूनच दिसते.

मुंबईचा पहिला कायदा

आधुनिक नोंदवहीचे मूळ ब्रिटनच्या १८५८ सालच्या वैद्यकीय कायद्यात आहे. पात्र आणि अपात्र वैद्य यांतील फरक सामान्य माणसाला ओळखता यावा, हा त्याचा घोषित हेतू होता. लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की त्या कायद्याने अपात्र व्यक्तीला उपचार करण्यास बंदी घातली नव्हती. आपण नोंदणीकृत आहोत असा खोटा दावा करण्यास तेवढी बंदी होती. निवड रुग्णाने करावी, शासनाने फक्त यादी उपलब्ध करून द्यावी, असा तो विचार होता. या यादीची जबाबदारी जनरल मेडिकल कौन्सिलकडे सोपविण्यात आली.

हिंदुस्थानात या धर्तीचा पहिला कायदा मुंबई इलाख्यात झाला. १९१२ च्या मुंबई वैद्यकीय कायद्याने येथे परिषद आणि नोंदवही अस्तित्वात आली. बंगाल व मद्रास इलाख्यांत त्यानंतर दोन वर्षांनी असे कायदे झाले. अखिल भारतीय परिषदेला मात्र आणखी दोन दशके थांबावे लागले, आणि ती स्थापन होण्याचे निमित्तही बोलके आहे. १९३० साली लंडनच्या कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. संपूर्ण देशातील वैद्यकीय शिक्षणाच्या दर्जाची हमी देणारी एकही यंत्रणा नाही, हा आक्षेप होता. त्यानंतर १९३३ चा भारतीय वैद्यकीय परिषद कायदा आला. म्हणजेच देशपातळीवरील नियमनाला तातडीची निकड निर्माण झाली ती रुग्णांच्या तक्रारींमुळे नव्हे, तर पदव्यांना परदेशात किंमत राहावी यासाठी. शिक्षणाला मान्यता देणे हे मुख्य काम आणि व्यावसायिकांच्या वर्तनावर देखरेख हे दुय्यम, असा जो कल पुढे कायम राहिला, त्याचे बीज येथे सापडते.

१९३३ च्या कायद्याची जागा १९५६ च्या कायद्याने घेतली. भाषावार राज्यरचनेनंतर मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा या तिन्ही भागांतील वेगवेगळ्या व्यवस्था एकत्र आणण्यासाठी महाराष्ट्र वैद्यकीय परिषद अधिनियम १९६५ मध्ये संमत झाला. राज्यातील ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी, तिचे नूतनीकरण आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींची चौकशी ही कामे हीच परिषद करते. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी त्या काळात निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० गुण मिळविणे बंधनकारक आहे. परिषदेत सभागृहातील हजेरीवर गुण मिळतात. ज्ञानाची प्रत्यक्ष पारख त्यात होत नाही, ही या पद्धतीची उणीव डॉक्टरही मान्य करतात. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१२ पासून डॉक्टरांच्या परवान्याची दर पाच वर्षांनी फेरतपासणी होते आणि ती प्रत्यक्ष कामाच्या वार्षिक मूल्यमापनावर, त्यात रुग्णांच्या व सहकाऱ्यांच्या अभिप्रायावर, आधारलेली असते. तेथेही ही कडक पद्धत सहजासहजी आली नाही. ब्रिस्टॉल येथील लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांतील मृत्यूंची चौकशी आणि स्वतःच्या रुग्णांचे खून करणाऱ्या हॅरॉल्ड शिपमन या डॉक्टरचे प्रकरण या दोन धक्क्यांनंतर ती आली.

डॉक्टरांनी काय पाळावयाचे?

डॉक्टरांच्या वर्तनाचे नियम २००२ साली भारतीय वैद्यकीय परिषदेने अधिसूचित केले. त्यांतील काही तरतुदी प्रत्येक शहरी रुग्णाने माहीत करून घ्याव्यात अशा आहेत. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि चिठ्ठी, प्रमाणपत्र, पावती या सर्वांवर छापणे डॉक्टरावर बंधनकारक आहे. आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवावी लागतात. रुग्णाने अथवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ती ७२ तासांत देणे आवश्यक आहे. या ७२ तासांच्या नियमाआधी, १९९६ साली, मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णालयांना कागदपत्रांच्या प्रती रुग्णाला नाकारता येणार नाहीत असा निर्णय दिला होता. आजही 'कागद आमच्या मालकीचे आहेत' असे उत्तर एखाद्या रुग्णालयाच्या खिडकीवर मिळते, तेव्हा ते उत्तर देणाऱ्याला हा नियम ठाऊक नसतो किंवा समोरच्याला तो ठाऊक नसावा अशी त्याची आशा असते.

रुग्ण पाठविल्याबद्दल वा चाचणी करावयास सांगितल्याबद्दल दलाली घेणे किंवा देणे हे गैरवर्तन ठरते. मराठी रुग्णाला हा प्रकार 'कट प्रॅक्टिस' या नावाने चांगलाच परिचयाचा आहे. औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास आणि पाहुणचार स्वीकारण्यावरील बंदी डिसेंबर २००९ मधील दुरुस्तीने आली. कट प्रॅक्टिसला आळा घालण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा या हेतूने महाराष्ट्र शासनाने २०१७ साली माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मसुदाही तयार झाला. पुढची अनेक वर्षे तो मसुद्याच्याच रूपात राहिला. दलालीचा व्यवहार दोघांत होतो, दोघांच्याही फायद्याचा असतो आणि ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याला त्याचा पत्ता नसतो. तक्रारीवर अवलंबून असलेली कोणतीही यंत्रणा येथे लंगडी पडते.

२००२ च्या नियमांच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ च्या आरंभी नवे नियम अधिसूचित केले. औषधे जेनेरिक नावानेच लिहून देण्याच्या सक्तीला डॉक्टरांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला आणि तीन आठवड्यांच्या आत, २३ ऑगस्ट रोजी, आयोगाने ते नियम स्थगित करून जुनेच नियम पुन्हा लागू केले.

तक्रारीचे तीन दरवाजे

उपचारांत हयगय झाली असे वाटणाऱ्या रुग्णापुढे तीन वेगळे मार्ग असतात आणि त्यांची गल्लत फार होते. वैद्यकीय परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते, त्याचे नाव ठराविक मुदतीसाठी किंवा कायमचे नोंदवहीतून काढू शकते. नुकसानभरपाई देऊ शकत नाही. ग्राहक आयोग भरपाई देतो, पण डॉक्टरचा परवाना त्याच्या हाती नाही. फौजदारी न्यायालय शिक्षा देते, परंतु त्यासाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही. तो अत्यंत गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केले आहे.

ग्राहक न्यायालयाचा दरवाजा उघडला तो १९९५ च्या निकालाने. डॉक्टरांवर शिस्तीचे नियंत्रण ठेवण्यास वैद्यकीय परिषद समर्थ आहे, तेव्हा त्यांना १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून वगळावे, असा युक्तिवाद इंडियन मेडिकल असोसिएशनने केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. परिषदेचे नियंत्रण असले तरी झालेल्या हानीची भरपाई मागण्याचा रुग्णाचा हक्क त्यामुळे बुडत नाही, असा या निर्णयाचा आशय होता. त्यानंतर तक्रारींचा ओघ ग्राहक न्यायालयांकडे वळला आणि परिषद हा विसरलेला दरवाजा बनला.

हे विस्मरण रुग्णांच्या हिताचे नाही. भरपाई एका रुग्णाला मिळते. पण तोच डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रुग्णावर तसेच उपचार करीत राहू शकतो. तसे होऊ न देणे हे केवळ परिषदेलाच शक्य आहे. परिषदेकडे तक्रार शपथपत्रासह लेखी करावी लागते. दोन्ही बाजूंची कागदपत्रे घेऊन आणि त्यांचे म्हणणे ऐकून निर्णय होतो. तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लागावा, असे नियम सांगतात. प्रत्यक्षात प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळतात. परिषदेच्या निवडणुका लांबणीवर पडतात, मुदत संपते, कारभार प्रशासकाकडे जातो आणि चौकशीच्या फायली तशाच राहतात, हे महाराष्ट्राने एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. रुग्णालयांची तोडफोड आणि डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी राज्याने २०१० साली स्वतंत्र कायदा केला, हे योग्यच झाले. मात्र कायदेशीर तक्रारीची वाट इतकी संथ असताना केवळ हल्लेखोरांना शिक्षा करून संताप शमेल, ही अपेक्षा भाबडी होती.

अपिलाच्या बाबतीतही एक विषमता आहे. २००२ च्या नियमांना २००४ साली जोडलेल्या तरतुदीनुसार, राज्य परिषदेच्या निर्णयाने नाराज झालेल्या कोणालाही ६० दिवसांच्या आत राष्ट्रीय परिषदेकडे अपील करता येत असे. २०१९ च्या कायद्याच्या ३० व्या कलमात मात्र अपिलाचा अधिकार देताना उल्लेख आहे तो केवळ डॉक्टरचा. तक्रारदार रुग्णाचे नाव तेथे नाही. रुग्णांचे अपील स्वीकारावयाचे की नाही, हा वाद या एका वगळलेल्या शब्दातून निर्माण झाला आहे.

पंच कोणी व्हावे?

डॉक्टरांनी निवडून दिलेले डॉक्टर डॉक्टरांच्याच चुकांचा न्याय करणार, या रचनेतील अडचण समजण्यास कायद्याचे शिक्षण लागत नाही. समर्थकांचे म्हणणे असे, की शस्त्रक्रियेतील निर्णय चूक होता की नाही हे शल्यचिकित्सकच सांगू शकतो. ते खरेच आहे. पण त्यासाठी तज्ज्ञ साक्षीदार पुरतो, न्यायाधीशही त्याच व्यवसायाचा असण्याची गरज नसते. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलमध्ये २००९ पासून डॉक्टरांनी निवडून दिलेला एकही सदस्य नाही. सर्व सदस्य नेमलेले असतात आणि त्यांतील निम्मे डॉक्टर नसलेले नागरिक असतात.

भारतात बदल झाला तो वेगळ्या कारणाने. वैद्यकीय महाविद्यालयांना मान्यता देण्याच्या व्यवहारातील लाचखोरीच्या आरोपावरून भारतीय वैद्यकीय परिषदेच्या अध्यक्षांना केंद्रीय अन्वेषण विभागाने एप्रिल २०१० मध्ये अटक केली आणि पुढच्याच महिन्यात केंद्राने वटहुकूम काढून परिषद बरखास्त केली. काही वर्षांनी ती पुन्हा अस्तित्वात आली. मार्च २०१६ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने तिच्या कारभारावर अत्यंत कठोर अहवाल दिला. सप्टेंबर २०१८ मध्ये ती पुन्हा बाजूला सारली गेली आणि २०१९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २५ सप्टेंबर २०२० पासून तिची जागा घेतली. आयोगातील बहुसंख्य सदस्य नेमलेले असतात आणि त्याच्या चार मंडळांपैकी एक मंडळ केवळ नीतिनियम व नोंदणी यांसाठी आहे. परिषदेचा दोष व्यवसायाने स्वतःला पाठीशी घालण्याचा होता. आयोगात सर्व दोऱ्या केंद्र सरकारच्या हाती जातात, हा आक्षेप डॉक्टरांनी घेतला आणि तो निराधार म्हणता येत नाही. सर्वसामान्य रुग्णांच्या प्रतिनिधीला दोन्ही रचनांत जेमतेमच स्थान आहे.

एक बदल मात्र निःसंशय उपयुक्त ठरला. नोंदणीविना ॲलोपॅथीचा व्यवसाय करणाऱ्यास १९५६ च्या कायद्यानुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या कायद्यात कैदेची मर्यादा तीच राहिली, दंडाची पाच लाखांवर गेली. एक हजार रुपये म्हणजे एखाद्या भोंदू डॉक्टरची अर्ध्या दिवसाची कमाई.

सीमारेषेवरील वाद

नोंदवहीत नाव आहे की नाही एवढेच पुरेसे नसते. ते कोणत्या नोंदवहीत आहे, हेही पाहावे लागते. आयुर्वेद आणि युनानी वैद्यांसाठी महाराष्ट्रात १९६१ चा स्वतंत्र कायदा आहे, होमिओपॅथीसाठी वेगळा. मुंबईतील एका होमिओपॅथने ज्वराच्या रुग्णाला ॲलोपॅथीची प्रतिजैविके दिली आणि १९९२ मध्ये तो तरुण रुग्ण दगावला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली या प्रकरणी दिलेल्या निकालात असे सांगितले, की ज्या पद्धतीचे शिक्षण घेतलेले नाही तिचे उपचार करणे हाच मुळात निष्काळजीपणा होय. वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या एका निकालात त्याच न्यायालयाने राज्याच्या कायद्यात तशी मुभा असल्यास अन्य पद्धतींच्या वैद्यांना आधुनिक औषधे देता येतील, असे मान्य केले. महाराष्ट्राने याच वाटेने जाऊन २०१४ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथना मर्यादित परवानगी दिली. अशा व्यावसायिकांची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने घ्यावी, असे २०२५ साली ठरताच ॲलोपॅथी डॉक्टरांनी राज्यात संप पुकारला आणि प्रश्न न्यायालयात गेला. ग्रामीण भागात एमबीबीएस डॉक्टर जात नाहीत, हा शासनाचा युक्तिवाद वस्तुस्थितीला धरून आहे. पण अशा परवानगीचा लाभ घेणारे दवाखाने शहरांतही असतात, हेही तितकेच खरे.

पॅथॉलॉजीच्या अहवालावर सही कोणाची, हा असाच दुसरा वाद. पदविकाधारक तंत्रज्ञ चालवीत असलेल्या प्रयोगशाळा प्रत्येक उपनगरात होत्या आणि आहेत. अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले. तरीही एकाच पॅथॉलॉजिस्टची छापील सही एकमेकांपासून दूरच्या अनेक प्रयोगशाळांच्या अहवालांवर आढळते.

औषधाच्या दुकानात १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावयास हवे. भिंतीवर चौकटीत लावलेले प्रमाणपत्र एकाचे आणि गल्ल्यामागे उभी व्यक्ती दुसरीच, हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे, की २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्टच्या उपस्थितीची तपासणी सुरू केली तेव्हा औषधविक्रेत्यांनी बंद पुकारला.

परिचारिकांची नोंदवही

मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी आणि आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. देशपातळीवरील भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्याने आली आणि महाराष्ट्राचा सध्याचा परिचारिका अधिनियम १९६६ चा आहे. नोंदणीचे मुख्य प्रकार तीन. सहायक परिचारिका प्रसविकेचा, म्हणजे एएनएमचा, अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. १९४७ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग स्थापन करणारा कायदा संसदेने २०२३ साली मंजूर केला.

परिचर्येच्या नियमनात एक मूलभूत अडचण आहे आणि ती आयोग बदलल्याने सुटणारी नाही. परिषद व्यक्तीला शिस्त लावू शकते, तिला कामावर ठेवणाऱ्या संस्थेला नाही. परिचर्या परिषदेच्या मानकांनुसार शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात दर तीन रुग्णांमागे एक, अन्य रुग्णालयांत दर पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असावी. सार्वजनिक रुग्णालयाच्या रात्रपाळीत एकटी परिचारिका संपूर्ण कक्ष सांभाळते, तेव्हा हे मानक कागदावरच राहते. अशा रात्री औषधाची मात्रा चुकली, तर चौकशी परिचारिकेची होते. पदे रिक्त ठेवणाऱ्या कार्यालयाचे नाव कोणत्याही नोंदवहीत नसल्यामुळे ते वगळले जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. खासगी रुग्णालयांना १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. त्याखालील नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही.

उशिरा आलेली मंडळी

क्ष-किरण काढणारा, डायलिसिसचे यंत्र चालविणारा, शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञाला साहाय्य करणारा तंत्रज्ञ यांपैकी कोणाच्याही हातून घडलेली चूक जीवघेणी ठरू शकते. तरीही या मंडळींसाठी देशभर लागू होणारा कायदा २०२१ पर्यंत नव्हता. काही राज्यांनी आपापल्या परीने पावले उचलली होती. महाराष्ट्राने व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा कायदा २००२ च्या विधेयकाने केला, परावैद्यकांसाठी २०११ च्या विधेयकाने. दुसऱ्याला अधिनियमाचे रूप येण्यास २०१६ साल उजाडले.

मार्च २०२१ मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय कायद्याने अशा ५० हून अधिक व्यवसायांना दहा गटांत विभागले. सहायक वर्गासाठी किमान २,००० तासांचे, तर व्यावसायिक वर्गासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण ही अट घातली. आहारतज्ज्ञ, दृष्टिमापनतज्ज्ञ, वैद्यकीय समाजसेवक हेही त्यात आले. अनेक वर्षे पत्रव्यवहाराने किंवा गल्लीतील संस्थेत मिळविलेल्या प्रमाणपत्रांवर चाललेला कारभार यामुळे आवरला जाईल, अशी अपेक्षा होती. राज्यांनी परिषदा स्थापन करण्यात इतकी चालढकल केली, की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

घरातील 'सिस्टर'

एवढे सारे होऊनही एक मोठा वर्ग बाहेरच राहिला आहे. पुण्या-मुंबईत वृद्ध आईवडिलांसाठी ब्यूरोमार्फत बारा तासांच्या पाळीने बोलावल्या जाणाऱ्या काळजीवाहू स्त्रिया, रुग्णालयातील आया आणि वॉर्डबॉय यांची कोणतीही वैधानिक नोंदवही नाही. पांढरा कोट अंगात असला की घरातील मंडळी 'सिस्टर' म्हणू लागतात. प्रत्यक्षात प्रशिक्षण काही महिन्यांचे असते किंवा नसतेच. रुग्णसाहाय्यकाच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीस पात्र ठरत नाही, आणि २०२१ च्या कायद्यातील २,००० तासांची अटही त्याने पूर्ण होत नाही. अशी व्यक्ती रुग्णाला अंघोळ घालू शकते, भरवू शकते, कूस बदलून देऊ शकते. इंजेक्शन देणे, नाकातील नळी बसविणे, लघवीची नळी बदलणे ही कामे नोंदणीकृत परिचारिकेची होत. ब्यूरोकडून 'सगळं येतं तिला' असे सांगितले जाते ते याच ठिकाणी घातक ठरते.

या प्रश्नावर तयार उत्तर कोठेच नाही. ब्रिटनमध्ये वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथे काळजीवाहूंना नोंदणी सक्तीची आहे, इंग्लंडमध्ये नाही. मध्य स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयातील हेळसांडीवरील २०१३ च्या अहवालानंतर इंग्लंडने त्यांच्यासाठी २०१५ पासून एक प्राथमिक प्रमाणपत्र सुरू केले, मात्र नोंदवही टाळली. नोंदणीचे शुल्क आणि कागदपत्रांचा भार अत्यल्प वेतनाच्या या कामगारांवर पडेल आणि माणसे मिळेनाशी होतील, हा तेथील आक्षेप आहे. येथे तर ही बहुतेक कामे घर चालविण्यासाठी दूरच्या वस्तीतून येणाऱ्या स्त्रिया करतात. त्यांना रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही आणि चोरीचा आळ आल्यास बाजू मांडण्यासाठी व्यासपीठही नाही. नोंदवही झाली तर ती रुग्णाइतकीच त्यांनाही उपयोगी पडू शकेल, कारण नोंदणीबरोबर कामाच्या मर्यादा ठरतात आणि मर्यादा ठरल्या की 'एवढे इंजेक्शन देऊन टाक' असे सांगणाऱ्या घरच्यांना नकार देता येतो.

तोपर्यंत पडताळणीचा भार कुटुंबावरच आहे. डॉक्टरचे नाव महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर शोधता येते. राष्ट्रीय नोंदवहीचे संकेतस्थळ ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाले. परिचारिका म्हणून पाठविलेल्या व्यक्तीकडे महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि नूतनीकरणाची तारीख मागता येते. एएनएम की जीएनएम, हेही त्यावरून कळते. ब्यूरोने क्रमांक देण्यास टाळाटाळ केली, तर आलेली व्यक्ती परिचारिका नाही असे गृहीत धरून तिच्याकडे फक्त शुश्रूषेची साधी कामे सोपवावीत, औषधांचा डबा घरातील व्यक्तीने आपल्या हाती ठेवावा आणि इंजेक्शनसाठी जवळच्या दवाखान्यातील नोंदणीकृत परिचारिकेला बोलवावे.